चुकणारी चिप

दुपारी प्रयोगशाळेत वैदेहीनं आमच्या डिकोडर चिपला मिळणारी वीज आणखी कमी केली. मच्छीमारांच्या रेडिओत बसून ही चिप वादळाचा इशारा देणाऱ्या तुटक संदेशातल्या चुका दुरुस्त करणार होती. पण भर समुद्रात बॅटरी टिकायला हवी ना!

“अगं, आता चिपच चुकतेय!” मी ओरडले.

“चुकू दे. एक भाग चुकला तर बाकीचे सावरतील. तशीच तर जोडलीये आपण!”

पडद्यावर चाचणीच्या संदेशाऐवजी नुसता ठिपक्यांचा गोंधळ होता. बघता बघता अक्षरं जुळली: ‘परत फिरा’. आम्ही दोघी टाळ्या पिटत अक्षरशः नाचलो.

माणसांचंही असंच की! अर्धवट ऐकतात, एकमेकांना विचारून समजून घेतात. माणसं निर्दोष होण्याची वाट बघत बसली असती, तर कुणी कुणाला हाकच मारली नसती.