अव्वा म्हणजे

माझ्या थापा सोलापुरात वजनावर विकल्या गेल्या असत्या, तर चार कापडगिरण्या माझ्या झाल्या असत्या. पण गिरणीसमोरच्या हॉटेलात एकदा मला माझाही गुरू भेटला. डोक्यावर साहेबी टोपी, गळ्यात टाय, आणि बोलताना चहाची बशी अशी फिरवायचा, जणू पृथ्वीच त्याच्या हातात आहे.

“अव्वा!” तो म्हणाला. “कानडीत आई, तेलुगूत आजी. उर्दूतली हव्वा तर साऱ्या जगाची आई. मूळ कुठला म्हणाल हा शब्द? कुठलाच नाही! तान्हं पोर रडताना तोंड उघडतं, मिटतं, की झाला तयार.”

आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात अक्कलकोटकडची एक कानडी म्हातारी भाकरीचं गाठोडं घेऊन दारात आली आणि त्याच्याकडे बघून हसली.

“किती हुडकलं रं तुला, लेकरा!”

“कोण हो ही?” मी त्याला विचारलं.

“काय ठाऊक,” तो बशीत बघत म्हणाला.

दोघांची नाकं एकाच साच्यातली होती. म्हातारीचं हसू विझलं, पण ती चटकन म्हणाली, “चुकलं बगा, सायेब. माजा ल्योक बी असाच दिसतोय.” आणि पायरी उतरली.

थापा मला नव्या नव्हत्या, पण त्या दोन ऐकून माझीच मान खाली गेली.

शेजारच्या तेलुगू विणकराला राहवलं नाही. त्यानं हाक मारली, “अव्वा, बस की. च्या घिऊन जा.”

म्हातारी गर्रकन वळली. हाक कुणाची हे न बघता तिनं आधी टोपीवाल्याकडेच पाहिलं.

तो गार झालेला चहा फुंकत होता.