फणसाडमध्ये अण्णांना ऐकू आलं ते

अण्णा म्हणजे माझे वडील. दोन वर्षं झाली, त्यांना नीट ऐकू येत नाही. तीस वर्षं कारखान्यात मशीनवर काढली, त्यात वय. कानाचं यंत्र घेऊन दिलं, तर म्हणाले, नुसता गोंगाट होतो. यंत्र कपाटात गेलं, अण्णा गॅलरीत बसायला लागले आणि घरातलं बोलणंच आटलं. शेवटी जानेवारीत मी वाशीच्या ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकली आणि त्यांना मुरूडला घेऊन निघाले. निघताना यंत्राची डबी गुपचूप पर्समध्ये टाकली.

आमच्या कामोठ्याहून सकाळी सहाला निघालात, तर पेण-वडखळची गर्दी चुकते. रेवदंड्याचा पूल ओलांडला की रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. अरुंद आहे, घाई करू नका. आम्हाला थांबत थांबत चार तास लागले. त्यात अण्णा एकदाच बोलले, काशीदची सुरूची झाडं बघून: "बरंय."

मुरूडला किनाऱ्याजवळ घरगुती खोली दीड हजारात मिळाली. शेजारच्या खानावळीत सुरमईची थाळी साडेतीनशेला. सोलकढी मागाल तितकी. वाढणाऱ्या ताईंनी मला विचारलं, बाबांना तिखट चालतं का. अण्णा समोरच बसले होते. हल्ली सगळे असंच करतात, मीसुद्धा. ते मान खाली घालून काटे काढत राहिले. जंजिऱ्याला जायला नको म्हणाले, म्हणून संध्याकाळी दोघं वाळूत नुसते चाललो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फणसाड अभयारण्य गाठलं. सुपेगावच्या फाटकापर्यंत गाडी जाते. तिथे मोबाईलला रेंज नाही, तेव्हा प्रवेशाचे आणि वाटाड्याचे पैसे रोख ठेवा. पायात बूट हवेतच. वाट दगडांची आणि चढाची आहे. आमचे वाटाडे पन्नाशीचे होते. आत कुजबुजतच बोलायचं, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. पण अण्णा दर वेळी मोठ्याने विचारायचे, "काय म्हणतायत?" आणि एखादा पक्षी उडून जायचा. तिसऱ्यांदा वाटाडे नुसते थांबले. अण्णा ओशाळले. मग माझ्यासमोर हात पुढे करून म्हणाले, "डबी आणलीयस ना? दे."

यंत्र लावून ते दहा पावलं चालले आणि थबकले. खाली सुकलेला पाचोळा होता. एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

"वृंदा," ते म्हणाले, "माझेच पाय वाजतायत."

दोन वर्षांत त्यांचा इतका हळू आवाज मी ऐकला नव्हता.

थोडं पुढे वाटाडे थेट अण्णांच्या कानाशी कुजबुजले, "वर बघा, शेकरू हाय." तांबूस, झुपकेदार शेपटीची ती मोठी खार फळ कुरतडत होती. टरफलं पानांवर पडत होती आणि अण्णा प्रत्येक आवाजाला मान वळवत होते. आम्ही अर्धा तास तिथेच बसलो. पुढचा पाणवठा राहून गेला, त्याचं काही वाटलं नाही.

संध्याकाळी घरी पोचल्यावर मी सवयीने स्वयंपाकघरातून ओरडले, चहा टाकू का म्हणून. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"हळू बोल गं. दोन वर्षं मला वाटत होतं, तू माझ्यावर चिडलेली असतेस. तुझा चेहराच तसा व्हायचा."

"चिडले नव्हते, अण्णा. ऐकू जावं म्हणून ओरडत होते."

"हं. आज कळलं."

कुकरची शिट्टी झाली की ते अजूनही यंत्र काढून ठेवतात. माझीही ओरडायची सवय लगेच जाणार नाही. पण त्या संध्याकाळी मी चहाचं पुन्हा विचारलं, अगदी हळू, त्यांच्याकडे पाठ असताना.

"अर्धा कप," ते म्हणाले.