पोटरीचं माप

अकोल्यात जठारपेठेत राहून ज्याची पोटरी माझ्या धाकट्या मामांनी मोजली नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. मामा रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते. लोक पाहुण्याचं तोंड बघतात, मामा पाय बघत. खिशात कायम शिवणकामाचा पिवळा टेप. "पाय दाखव आधी, मंग बोल," असं म्हणून ते खाली बसलेच समजा. एका लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर मामाही वाकले आणि भर मांडवात त्याच्या दोन्ही पोटऱ्यांना टेप लावला. मुलीकडच्यांना वाटलं, ही मुलाकडची रीतच असेल. नवरीच्या काकांनी तर आपलाही पाय पुढे केला. सिनेमाला गेले की दर वीस मिनिटांनी उठून उभे राहत आणि मागच्यांच्या शिव्या खात. "बसून बसून रक्त थिजते, पायात गाठ होते," ते सांगत, "अन् ते गाठ छातीत चढली का माणूस बोलता बोलता जाते." त्यांची नक्कल घरात मी सगळ्यात चांगली करत असे.

मग माझी पाळी आली. त्या साली बोंडअळीने कापूस खाल्ला होता आणि पंचनाम्यांसाठी मी पंधरा दिवस जीपच्या मागच्या सीटवर गुडघे दुमडून गावोगाव हिंडत होतो. घरी आलो तर डावी पोटरी ठणकत होती. मामांनी टेप लावला, पुन्हा लावला. उजवीपेक्षा इंचभर जास्त. टेप न गुंडाळताच त्यांनी खिशात कोंबला, आणि मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, लक्षणं फारशी गाठीची वाटत नाहीत. रक्ताची एक तपासणी करू. आकडा हद्दीत आला तर गाठ नाही असं धरायचं. वाढला तरी गाठ आहेच असं नाही, पण मग लगेच सोनोग्राफी. रक्त मामांनीच काढलं. इतक्या वर्षांत त्यांची शीर कधी चुकली नव्हती, माझी चुकली.

चांगला रिपोर्ट असला की मामा गल्लीच्या तोंडापासून सायकलची घंटी वाजवत येत. त्या दुपारी आम्ही घंटीकडे कान लावून बसलो. चार महिन्यांची लेक मांडीवर झोपली होती. जरा खोल श्वास घेतला तरी छातीत काही अडकलंय असं वाटे. ही बोलायला लागेल तेव्हा मी असेन का, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मामा आले. घंटी वाजली नाही. सायकल हातात धरून, चालत आले. आईने पदर तोंडात धरला.

"गाठ नाही," मामा म्हणाले. "दोनदा लावलं मशीनवर. दोन्ही बार नाही."

"मंग घंटी काहून नाही वाजवली रे मेल्या!" आई ओरडली आणि रडायलाच लागली.

"हात थरथरून राहिले होते ना, ताई."

माझा नुसता स्नायू दुखावला होता. पण मामा ओट्यावर बसून राहिले, खिशातला टेप काढून बोटांभोवती गुंडाळत. तो टेप मामींचा होता. त्या ब्लाउज शिवायच्या, आणि मी शाळेत असताना अचानक गेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"पाय सुजला, म्हणे तुही मामी मले," मामा हळूच म्हणाले. "मी म्हनलं, मशीन चालवून सुजला असन, तेल लाव. तवा हे तपासनी आपल्याकडे नव्हती, खरं हाय. पन टेप तं तिच्या गळ्यातच होता ना रे."

त्यानंतर मी त्यांची नक्कल कधी केली नाही. मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. टेप माझ्याकडे आहे, त्यावरचे आकडे पुसट झालेत. परवा स्वयंपाकघरात लेक तिच्या आईला हसवण्यासाठी माझी नक्कल करत होती, खाली बसून, टेप लावून, अगदी हुबेहूब. मला बघून तिने टेप पाठीमागे लपवला. ती दिवसभर अभ्यासाला एका जागी बसते. मी रागावलो नाही. म्हटलं, इकडे ये, पाय दाखव आधी.