बारा बोटांचा शंकू

बिघाड शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत मी टेस्टिंग करते. काही खटकलं की तारीख, वेळ, लक्षण लिहून ठेवायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. आई गेल्यावर बाबा नाशिकहून परदेशात, यिशुनला माझ्याकडे राहायला आले, आणि दोन महिन्यांत काही गोष्टी खटकायला लागल्या. तेव्हा मी फोनमध्ये त्यांचीही यादी उघडली.

दोनदा गॅस चालू राहिला. बिशान स्टेशनवर गाडी बदलताना ते उलट्या दिशेच्या मेट्रोत बसले आणि भलत्याच स्टेशनवरून फोन केला. जावई बोटीवरून कधी येणार, हे एका सकाळी तीनदा विचारलं. माझा नवरा मरीन इंजिनिअर, वर्षातले सहा महिने समुद्रावर, त्यामुळे घरात आम्ही बापलेकच. खरं सांगायचं तर नोंद करण्याआधी मी चिडायचे. "बाबा, आत्ताच सांगितलं ना." मग मला स्वतःचाच राग यायचा, आणि तोही मी त्यांच्यावरच काढायचे. मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट मी गुपचूप घेऊन ठेवली होती. ती त्यांना सांगायचा धीर मात्र होत नव्हता.

बाबा गणिताचे शिक्षक. स्वतः शाळेत असताना ते संस्कृत घ्यायला गेले, तर "तुम्हाला कशाला हवं ते?" म्हणून गुरुजींनी परत पाठवलं. आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरांना असलं ऐकायची तेव्हा सवयच होती. बाबांनी ते मनात ठेवलं, आणि निवृत्त झाल्यावर शाळकरी मुलांची पुस्तकं आणून संस्कृत शिकले. मध्ययुगातल्या आपल्या गणितींनी आणि ज्योतिर्विदांनी काय लिहिलंय ते त्यांना मुळातून वाचायचं होतं. मी एकदा कुजकटपणे म्हटलं, "त्या लोकांनी तुम्हाला ओसरीवरही बसू दिलं नसतं."

"नसतंच दिलं," बाबा म्हणाले. "पण सूर्य काय त्यांच्या ओसरीवर उगवायचा?"

मे महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा बाबा टेबलाशी बसून हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून आणलेल्या एका चॉपस्टिकवर ब्लेडने खुणा करत होते. मोजून बारा सारखे भाग.

"हे काय आता?"

"शंकू. बारा बोटांचा. एक भाग म्हणजे एक बोट. पूर्वी असा शंकू उन्हात उभा करायचे आणि दुपारच्या सावलीवरून आपलं गाव पृथ्वीवर कुठे आहे ते काढायचे. उद्या आपण यिशुनचं काढू."

"फोनमध्ये आहे की ते."

"फोनला माहीत आहे. तुला आहे का?" एवढं बोलून ते पुन्हा खुणांकडे वळले. "पुठ्ठा मोठा लागेल. सावली दक्षिणेला पडेल, त्या बाजूला जागा सोडायला हवी."

"उत्तरेला, बाबा. दुपारची सावली उत्तरेला पडते. तुम्हीच शिकवलंत."

ते हसले. "बघू उद्या."

आत जाऊन मी यादीत लिहिलं, 'दिशा विसरले.' गॅस काय, कोणीही विसरतं. पण लहानपणी मला अंगणात उभं करून, माझीच सावली दाखवून ज्यांनी दिशा शिकवल्या त्यांचीच दिशा चुकावी, हे मला सोसेना. बाथरूमचा नळ सोडून मी पोटभर रडले.

शनिवारी सकाळी आम्ही शेजारच्या मल्टीस्टोरी कारपार्कच्या गच्चीवर गेलो. वर उघडं आभाळ, आणि नशिबाने ऊनही होतं. बाबांनी पुठ्ठ्यावर दोऱ्याने वर्तुळ काढलं आणि मधोमध कणकेच्या गोळ्यात चॉपस्टिक उभी केली. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरलं तिथे एक ठिपका. दुपारनंतर ते बाहेर पडेल तिथे दुसरा. दोन ठिपके जोडले की पूर्व-पश्चिम रेघ तयार, होकायंत्राची गरज नाही. इथलं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे धावतं, म्हणून खरी मध्यान्ह एकच्या सुमारास. तोवर आम्ही एकाच छत्रीखाली बसून डब्यातले पोहे खाल्ले.

एक वाजता सावली सगळ्यात आखूड झाली. दुसऱ्या ठिपक्यापर्यंत थांबायचा मला दम नव्हता. मी फोनमधलं होकायंत्र उघडलं. सावली दक्षिणेला होती.

बाबांनी ती मोजली. पावणेचार बोटं. सावलीवरून त्यांनी सूर्य डोक्यावरून किती कललाय ते काढलं, त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला असतो त्यातून ते वजा केलं, सगळं तोंडी, आणि म्हणाले, "यिशुनचा अक्षांश जेमतेम दीड अंश." फोननेही जवळपास तेवढंच दाखवलं.

"आपण विषुववृत्ताला अगदी खेटून आहोत," ते म्हणाले. "मे महिन्यात सूर्य आपल्याही उत्तरेला जातो. मग सावली दुसरीकडे कुठे पडणार? त्या लोकांनी विषुववृत्तावर मनानेच एक नगर मानलं होतं. दिवसरात्र कायम सारखे असतात असं. आधी तिथलं गणित मांडायचं, मग त्यात आपल्या गावापुरता फरक करायचा. इकडे न येता त्यांना इथली दुपार ठाऊक होती बघ."

मला इतका आनंद झाला की मी तिथेच ती नोंद पुसून टाकली आणि त्यांनी न विचारताच सगळं बोलून मोकळी झाले. मेमरी क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट घेतली होती, तुम्हाला काहीएक झालेलं नाही, आत्ताच्या आत्ता रद्द करते.

"रद्द करू नकोस," बाबा म्हणाले.

"अहो, पण एवढं गणित तोंडी केलंत."

"ते जुनं आहे गं. ते शेवटी जाईल. आज सकाळी लिफ्टमध्ये उभा होतो, आणि आपण कुठे निघालोय तेच मला आठवेना. हातात पुठ्ठा होता म्हणून निभावलं." बोटांना चिकटलेली कणीक ते खरवडत राहिले. "त्या लोकांचं मला काय आवडतं सांगू? पूर्वजांचं गणित कितीही पूज्य असलं तरी काही पिढ्यांनी ते आकाशाशी जुळेनासं व्हायचं. सांगितल्या वेळी ग्रहण लागायचं नाही. त्यांच्यातले जे शहाणे होते ते आकाशावर चिडायचे नाहीत. गणितात दुरुस्ती करायचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पण आता जुळेनासा होणार. चिडू नकोस गं माझ्यावर."

"नाही चिडणार," मी म्हटलं, आणि तेही खेकसून, कारण नाहीतर रडू फुटलं असतं. बाबांनी मान हलवली आणि छत्री माझ्या बाजूला सरकवली. दुसरा ठिपका पडेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

क्लिनिकमध्ये जे सांगतील असं वाटत होतं तेच सांगितलं. सुरुवात आहे, म्हणाले. यादी डॉक्टरांना दाखवली, त्यानंतर तिच्यात काही लिहिलं नाही. अजूनही कधीकधी चिडते, खोटं कशाला बोलू. पण आधी तोंड धुऊन येते.

रविवारी सकाळी मी त्यांना ईस्ट कोस्टला समुद्रावर फिरायला नेते. परवा मंगळवारी मी ऑफिसला निघायला दार उघडलं, तर बाबा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून सोफ्यावर तयार बसलेले. मी क्षणभर उभी राहिले. मग लॅपटॉपची बॅग खाली ठेवली, आज येत नाही म्हणून ऑफिसला कळवलं आणि चपला बदलून आले.

समुद्रावर शुकशुकाट होता. लांब एक सायकलवाला, एक झाडूवाला, एवढंच. बाबांनी दोन्हीकडे पाहिलं.

"रविवार असून लोक कसे नाहीत आज?"

"येतील," मी म्हटलं. "आपणच लवकर आलोय."