संपतच्या डोंग्यातून

गाव सोडलं त्या दिवशी मला संपतच्याच डोंग्यात बसावं लागलं. दुसरा रस्ताच नव्हता. पूल मधोमध तुटून पडलेला, चंद्रपूरची यष्टी पलीकडच्या तीरावर उभी, आणि माझी पत्र्याची पेटी संपत स्वतः उचलून डोंग्यात ठेवतोय! मी खिशात हात घातला तर म्हणाला, "तुयाकडून काय घेऊ बे? बस चुपचाप." त्याचा तो मोठेपणा मला झोंबला. बाबा काठावर बसून होते. वाटलं, निघताना मला काहीतरी सांगतील. ते ओरडले संपतवर, "डाव्या अंगानं घे रे, मधात भोवरा हाय!"

संपत माझा चुलतभाऊ. आम्ही ढिवर, नदी उतरवून देणारे. गावच्या माणसाकडून पैसा घ्यायचा नाही. धान खळ्यावर आलं की प्रत्येक घरातून एक सूप धान आमचं. पूल झाला आणि ते सूप बंद झालं. बाबा मानी माणूस. त्यांनी मोहाच्या खोडाचा आमचा डोंगा कुऱ्हाडीनं मधोमध तोडला आणि फळ्या ठोकून बैलांना पाणी प्यायला दोन डोण्या केल्या. आई नको म्हणत होती, तर म्हणाले, "पूल काय उद्या वाहून जाते का?" संपतचा डोंगा मात्र बाभळीखाली पालथा पडून राहिला, तोही निव्वळ आळसानं. त्याच्याखाली कोंबड्या अंडी घालायच्या.

ऐंशी साल उलटलं आणि एका पुरात पूल गेलाच. मिलला जायचं धान पोत्यातच कोंब धरू लागलं. तेंदूपत्त्याचे ट्रक फिरकेनात, बायाबापड्यांची उन्हाळ्याची मजुरी बुडाली. शाळेचे मास्तर आठवड्यातून दोनदा दिसले तरी नशीब. पलीकडची गावं आमच्याकडे पोरी द्यायला तयार होईनात. साऱ्या गावाची पंचाईत, आणि संपतची चांदी! अख्ख्या गावात डोंगा उरला होता तो त्या आळश्याचा. त्यानं दुसरा एक आणून दोन्ही जोडले, वर फळ्या टाकल्या, आणि सायकली, बकऱ्या, नवऱ्यामुलीसकट वराती रोख पैसे घेऊन उतरवू लागला. काल त्याला हाड म्हणणारे आज "संपतभाऊ, संपतभाऊ" करत काठावर ताटकळायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

पण खोटं कशाला बोलू, त्याच्या मिळकतीवर मी जळलो ते थोडंच. बाबांनी त्याला शिकवायला घेतलं तिथं माझ्या पोटात दुखलं. मी डोंगा रेटायचा बांबू धरायच्या वयात आलो तेव्हाच पूल झाला होता, म्हणून मला ते कधी शिकवलंच नव्हतं. आता म्हटलं, "मले शिकवा ना बाबा." तर म्हणाले, "तुले काऊन? डोंगा हाय का आपल्याजवळ?" आणि रोज सकाळी उठून त्याच्याकडे जायचे. कुठं वाळू सरकली, कुठं पाणी ओढतं, आजोबांकडून आलेलं सगळं त्याच्या झोळीत. म्हणून मी निघालो. गेला उडत तो डोंगा, म्हटलं.

चंद्रपूरजवळ ऊर्जानगरात वीजकेंद्राचं नवीन युनिट उभं राहत होतं. ठेकेदाराकडे लागलो. भोंगा, शिफ्ट, हेल्मेट, कंपनीची बस असे शब्द तोंडात बसले. घरून मास्तरांच्या हातचं पत्र यायचं, त्यात अर्धा संपत. संपतचा हात बसला. संपतनं भर पुरात बाळंतीण उतरवली. आणि एके दिवशी तार आली. तापानं फणफणलेल्या बाबांना दवाखान्यात नेलं संपतनं, परत आणलं संपतनं, आणि मी पोहोचेपर्यंत अग्नीही दिला त्यानंच. लोक म्हणाले, पोरानं करावं तसं केलं. गावकऱ्यांनो, तुम्ही चांगल्या मनानं बोललात, पण ते मी आजवर विसरलो नाही.

मग नवा पूल झाला. संपत बेकार झाला आणि काम मागत माझ्याच दारात आला. बरी जिरली, असं मनात आलं, लपवत नाही. पंख्याखाली बसून तो इकडंतिकडं बघत म्हणाला, "तुयं बरं हाय बे. तू सुटला. मोठे बाबा, तुये बाबा, मले रोज म्हणत, 'माया पोरगा असता त एका डावात शिकला असता. तुले अक्कल नाई, गधड्या.' दोन वर्षं तुया नावानं शिव्या खाल्ल्या मी. असा राग ये तुया!"

दुसऱ्या दिवशी त्याला ठेकेदाराकडे घेऊन गेलो.

आता तो माझ्याच टोळीत आहे. गावाला जायची मला पूर्वीसारखी घाई होत नाही. घर फारच आठवलं की जेवायच्या सुट्टीत मी त्याला म्हणतो, बाबा कसे ओरडायचे ते कर ना. तो डबा बाजूला ठेवतो, मान ताठ करतो आणि हुबेहूब बाबांच्या आवाजात सुरू होतो. सारी टोळी पोट धरून हसते. मीही हसतो, आणि आतून जळतो. त्या शिव्या माझ्या होत्या.