मंजुळाचं पोट का पडतं?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. पोशेऱ्याच्या पलीकडे आमच्या उपकेंद्रात नुसतं बसून राहा, ते आपणहून दाराशी चप्पल काढून आत येतात. मी जव्हारची. जुन्या मैत्रिणी भेटल्या की म्हणतात, "तू नर्स, तुझ्याकडे खूप असतील, सांग ना काहीतरी गमतीचं." अगं, गमतीचं कुठून आणू? माझ्याकडे साठलेत ते सगळे पोट पडल्याचे. हसू त्यातही येतं, नाही असं नाही. पण हसून झालं की जेवण जात नाही.

आमच्याकडे एक गोष्ट पक्की आहे. बाईचं पोट पडलं की का पडलं ते अख्ख्या पाड्याला माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त तिला आणि मला.

*

मंजुळाचंच सांगते. लग्न होऊन देवरामच्या घरी आली, वर्षाच्या आत दिवस राहिले आणि दुसऱ्याच महिन्यात गेलं. सासू काशीबाई. बाई कष्टाळू, पण जिभेला हाड नाही. तिने सुनेला विचारलं, "पपई खाल्लीस?"

"नाय."

"हात लावला असशील."

"नाय ना, आई."

"मंग तिच्या सावलीत बसली असशील."

आता सावलीत कोण बसत नाही? झालं, दुसऱ्या दिवशी देवरामने कोयता घेतला आणि पपईचं झाड तोडलं. झाड त्याचं नव्हतंच, शेजारणीचं होतं. ती बिचारी हातात झाडू घेऊन बघत उभी. मला म्हणाली, "नर्सबाई, माझी पाच पोरं हीच पपई खाऊन झाली. त्याचा दोष कोणाला लावू?"

*

आमच्याकडची रीत अशी की तीन महिने भरेपर्यंत दिवस राहिल्याचं कोणाला सांगायचं नाही. नजर लागते म्हणे. आणि पडतं ते बहुतेक याच तीन महिन्यांत. म्हणजे बाई कधी गरोदर होती तेच आम्हाला कळत नाही, कळतं ते रक्त जायला लागल्यावर. मग मी तिचा मलेरिया कधी तपासू, रक्त कधी वाढवू, फॉलिकच्या गोळ्या कधी देऊ?

आमची आशाताई विमल. तोंडाने खणखणीत. घरोघर जाऊन सांगते, "पाळी चुकली की पहिल्या आठवड्यात मला सांगायचं. लाजायचं नाय, लपवायचं नाय." तिच्या बोलण्यावर मी खूश. मग एकदा मीटिंगमध्ये बसलेली असताना ती उठून बाहेर गेली आणि ओकली. मी मागे गेले. म्हटलं, "विमल, किती झाले?"

"चौथा लागला."

मी कपाळावर हात मारला. "अगं, तू जगाला शिकवतेस आणि स्वतः माझ्यापासून लपवलंस?"

तोंड धूत म्हणाली, "बाई, सांगायचं काम माझं. पोट माझ्या सासूचं हाय."

*

मंजुळाचं दुसरं गेलं ते मोखाड्याच्या बाजाराहून येताना. रस्ता कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको. या वेळी दोष जीपवाल्याला. त्याच्या दारात जाऊन काशीबाईने असा काही उद्धार केला की त्याने नियमच काढला, पोटुशी बाई जीपमध्ये घ्यायची नाही. बरं, हा ओळखणार कसा? तर सगळ्यांसमोर विचारायचा, "काय गं, दिवस हायेत का?"

एकदा एका केस पिकलेल्या आजीला विचारायचा राहिला. ती पायरीवर पाय ठेवून थांबली. "मना का नाय विचारलंस रं? मी बाई नाय का?" सगळी जीप हसली. मीही हसले.

पण त्या उन्हाळ्यात माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बायका कमी झाल्या. खोटं बोलायची हिंमत होती त्या जीपने आल्या. बाकीच्या डोंगर उतरून चालत आल्या, नाहीतर आल्याच नाहीत.

*

मग मी ठरवलं, पुरुषांनाच बसवून सांगायचं. समाजमंदिरात बैठक घेतली. देवराम तेव्हा भिवंडीच्या गोडाऊनमधून सुट्टीवर आला होता, तोही पुढे बसला. मी सगळं सांगितलं. बाईचं रक्त पातळ असेल, मलेरिया झाला असेल, साखर किंवा थायरॉईड बिघडलं असेल, पिशवीचं तोंड सैल असेल, दिवसभर मशेरी लावत असेल, वय फारच लहान असेल, तर पोट पडू शकतं. पण सुरुवातीला पडतं ते बहुतेक वेळा बीजच नीट जुळलेलं नसतं म्हणून. आणि बीज दोघांचं असतं.

माना हलत होत्या, पण कोणाला पटलं असं दिसेना. म्हटलं, यांच्या भाषेत सांगू. "तुम्ही नागली पेरता. सगळं बी उगवतं का?"

"नाय," सगळे एका सुरात.

"मग उगवलं नाही म्हणून जमिनीला शिव्या देता का?"

मला वाटलं, जिंकले मी. तेवढ्यात देवराम शांतपणे म्हणाला, "बाई, जमीन बदलता येत नाय."

बैठक तिथेच संपली. घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण चिडले.

*

तिसऱ्यांदा मंजुळाने विमलला लवकर सांगितलं. माझा नंबर घेतला. रक्त वाढायला लागलं, मशेरी सोडली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तेवढ्यात भिवंडीहून देवरामचा आईसाठी शेजाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर निरोप आला. त्याला कोणीतरी पाठवलं होतं की मोबाईलच्या रेंजने पोट पडतं. आता, आमच्या पाड्यावर रेंज कुठे आहे? एक फोन लावायचा तर घरांमागच्या टेकडीवर मोहाच्या झाडाशी जावं लागतं. तिथेसुद्धा एक कांडी, तीही वाऱ्याच्या मर्जीने. पण काशीबाईने मंजुळाचा मोबाईल काढून घेतला आणि पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवला. मला कळलं तेव्हा मी विमलला म्हटलं, "ज्या गावात रेंज नाही त्या गावात रेंजने पोट पडणार!" आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दोन दिवसांनी मंजुळाच्या अंगावरून जायला लागलं. मोबाईल पेटीत, पेटीची किल्ली काशीबाईच्या कमरेला आणि काशीबाई लाकडं आणायला रानात. पोरगी भिंत धरधरून विमलच्या घरी पोचली तेव्हा काही उरलं नव्हतं. लवकर कळलं असतं तर टिकलं असतं असंही नाही, पण ती एकटी तरी पडली नसती.

मी गेले तेव्हा ती ओसरीवर निजली होती. माझा हात धरून म्हणाली, "बाई, मी काय केलं तेवढं सांगा. म्हंजे पुन्हा नाय करणार."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी मला खरोखर रडू आलं.

*

काशीबाईला आता कारण नको होतं, सून बदलायची होती. वांगणीची एक मुलगी बघून ठेवली होती. सोमवारी तिचा बाप घर पाहायला येणार होता. मी म्हटलं, "आधी दोघांना जव्हारला मोठ्या दवाखान्यात दाखवू."

भिवंडीहून आलेला देवराम म्हणाला, "मी कशाला? पोट तिचं पडतं."

काशीबाईनेच त्याला गप्प केलं. "चल. डॉक्टरनीच्या तोंडून एकदा ऐकू दे, का इच्यात खोट हाय. मंग पाड्यात कोणी बोलाय नको."

म्हणजे ती सुनेला दवाखान्यात नेत होती ते तिला घराबाहेर काढण्यासाठी. मला कळत होतं. मंजुळालाही कळत होतं, तरी तिने धुतलेलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं आणि जीपमध्ये मागे बसली.

रक्त दोघांचं घेतलं. सोनोग्राफी झाली. त्याच आठवड्यात परत बोलावलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी तिघांना समोर बसवलं, मी मागे उभी. म्हणाल्या, "हिच्यात खोट नाही. ह्याच्यातही नाही. रक्त अजून थोडं कमी आहे, ते भरून काढू. तीनदा का गेलं त्याचं कारण सापडत नाही. खूप जणींचं सापडत नाही. पुढचं राहू शकतं, चांगलं राहू शकतं."

काशीबाई हट्टाने म्हणाली, "कारण कसं नाय? काहीतरी केलंच असंल इनं."

"आजी, बाई काही करते म्हणून पडत नाही. काम केलं म्हणून नाही, कुठे बसली म्हणून नाही. कितीतरी वेळा ते आपोआप जातं. कोणाचा दोष नसतो."

"कोणाचाच?"

"कोणाचाच."

"पयल्यापासून असंच हाय? का आता आता?"

मॅडम हसल्या. "पहिल्यापासून, आजी. माणूस आहे तेव्हापासून."

परत येताना मोखाड्याला गाडी बदलली तेव्हा काशीबाई देवरामला म्हणाली, "वांगणीला निरोप धाड. सोमवारी येऊ नका म्हणावं." देवरामने मंजुळाकडे पाहिलं. मंजुळा खाली बघत होती.

पाड्याशी उतरलो. नवरा-बायको घराकडे वळले. काशीबाईने माझा दंड धरला. "नर्सबाई, चला माझ्यासंगं. मना नीट सांगता येयाचं नाय."

ती मला शेताच्या कडेला एका कुडाच्या झोपडीशी घेऊन गेली. दारात एक म्हातारी सुपात नागली पाखडत बसली होती. पाड्यात तिला सगळे मोठी म्हणतात. ती एकटी राहते एवढंच मला माहीत होतं. ती काशीबाईच्या नवऱ्याची पहिली बायको, हे मला त्या दारात उभी असताना कळलं. पोटं पडायची म्हणून तिला या झोपडीत घातली आणि काशीबाईला घरात आणली. नवरा कधीच वारला.

काशीबाई तिच्यासमोर मातीत बसली. पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मोठे, तू काय केलं नव्हतंस. जव्हारची डॉक्टरीण बोलली. कोणाचा दोष नसतो. या नर्सबाईला इचार."

मी म्हटलं, "खरं आहे, आजी. तुमचा काही दोष नव्हता."

म्हातारीचं सूप थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काशीबाईकडे. मग हातातलं सूप बाजूला ठेवलं, मांडीवरचा कोंडा झटकला आणि विचारलं,

"मंग मी घरी येऊ?"