वाकडं आहे तसंच मोजा

गिरणीत पाठीवर कापसाची गाठ पडली आणि माझ्या नवऱ्याचे पाय लुळे पडले. हात शाबूत राहिले, पण बसवलं की अंग डावीकडे कलंडायचं. बोरीवलीच्या चाळीत आमची एक खोली. ते खाटेवर उशांना टेकून कसेबसे जेवायचे आणि डोळे मिटायचे. मग मी खाली जमिनीवर एकटी जेवायचे. मूलबाळ नव्हतं. समोर कुणीतरी बसलेलं मला हवं होतं, भांडायला का होईना.

इस्पितळातून चाकांची खुर्ची मिळणार होती. तिचं माप घ्यायला एक तरुण बाई घरी आली. त्याआधी मी नवऱ्याला धुतलेला सदरा घातला, भांग पाडला आणि डाव्या बाजूला गोधडीची घडी दडपून ताठ बसवलं. हे वाकडे बसलेले बघून खुर्ची नाकारली तर?

“अगो, नवरा दाखवतंस की नवरी?” ते म्हणाले.

“गप बसा. हलू नका.”

बाईने घडी शोधलीच. ती ओढली तसे ते कलंडले.

“मावशी, हे काय?”

“जरा टेकू दिला.”

“या मापाची खुर्ची केली तर काका तिच्यातून पडतील. वाकडं आहे तसंच मोजायचंय मला.”

तिने त्यांना फळीवर बसवलं. कमरेची हाडं दोन्ही हातांनी चाचपली. एक वर, एक खाली. हळूच दाबून पाहिलं, अंग सरळ आलं. “आधार दिला तर राहतील,” म्हणाली. टेपने कंबर मोजली, मांडी मोजली, गुडघ्यापासून टाच मोजली. मग विचारलं, “खुर्चीत बसून काय करायचंय?”

“जेवायचंय. माझ्यासमोर,” मी म्हटलं.

“बाहेर जायचंय,” ते म्हणाले. “या भिंती बघून डोळे फुटले माझे.”

बाईने दारही मोजलं. उंबरठा काढावा लागेल म्हणाली. सुतार बोलावून तो मीच काढून घेतला.

खुर्ची आली. बसायला कडक फळी, वर फोम, डाव्या बाजूला गादीचा आधार. ते ताठ बसले. मी पेडवे मासे तळले, कढी केली, त्यांचं ताट स्टुलावर मांडलं. त्यांनी ते उचलून मांडीवर घेतलं आणि चाकं फिरवली.

“कुठे?”

“गॅलरीत. पोरं पत्ते खेळतायत. आत उकडता गो.”

पोरं म्हणजे त्यांच्याच वयाचे बाप्ये. त्यांच्यात बाईमाणूस ताट घेऊन बसत नसे. मी दाराच्या आत पाट घेतला. तिथून फक्त पाठ दिसायची.

“भात घालू का?” मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. कुणीतरी काहीतरी बोललं आणि ते मोठ्याने हसले. असं हसणं गिरणी सुटल्यापासून मी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. मी कढी प्यायले आणि खरकटं काढलं.